माशाच्या तेलाचा माळकरी

शेषराव गेल्यापासून गावात जो तो त्याच्याबद्दल चांगलंच बोलतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, एवढी रीत मलाही ठाऊक आहे. पण मी त्याचा शेजारी. त्याच्या आणि माझ्या अंगणात फक्त पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांचं कुंपण. त्याचं खोकणं, त्याची चूळ, त्याचं देवाशी बोलणं, सगळं मला इकडं ऐकू यायचं. तेव्हा मी लिहीन ते खरं लिहीन. चांगलं बोलायला गाव बसलंच आहे.

माझा त्याच्यावर राग नव्हता. राग येतो आणि जातो. मी त्याच्यावर जळत होतो, आणि तो गेला तरी जळतोच आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. ज्याच्यावर जळावं असा माणूस शेजारी मिळायलाही नशीब लागतं.

आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटण्याआधी झडत्या होतात. झडती म्हणजे बैलाच्या, मालकाच्या, देवाच्या नावानं जुळवलेल्या चार-सहा ओळी. एकानं खड्या आवाजात म्हणायच्या आणि शेवटी साऱ्या गावानं 'हर हर महादेव' करायचं. आमच्या गावात पहिली झडती माझ्या घराची. आधी बाप म्हणायचा, बापामागं मी. चौथीतून शाळा सुटली ती बैलांमागं जायला, पण बापाची एकूण एक झडती मला पाठ आहे. अक्षर इकडचं तिकडं होत नाही. शिकलेल्या लोकांना स्वतःच्या सुनेचं नाव आठवत नाही. मला बापाची झडती आठवते, आणि ती म्हणताना बाप कुठं दम घ्यायचा तेही आठवतं.

शेषराव जवानीतच नोकरीला पुलगावला गेला तो तिकडेच राहिला. म्हातारा होऊन परत आला तेव्हा बायको वारलेली, पोरगा वर्ध्याला. सामान थोडंच. एक पेटी, एक खुर्ची, गळ्यात तुळशीची माळ, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात औषधाच्या बाटल्या. माणूस बुटका, वाळका, कान तेवढे मोठे. पायजम्याला इस्त्री. चालताना हात मागं बांधायचा, जसं काही गावाची पाहणीच करून राहिला.

सकाळी तुळशीला पाणी घालताना तो पाढे म्हणायचा. साधे नाही, पावकी, निमकी, दीडकी. एकदा वरून खाली आणि मग खालून वर. देवाचं नाव त्याच्यानंतर.

माझी बायको गिरजा चुलीपाशी बसून ऐकायची. म्हणायची, "आयका, आयका. कसं पाण्यावाणी वाहून राह्यलं भाऊजीचं!"

"उलटं वाहून राह्यलं," मी म्हणायचो. "पाणी उलटं वाह्यलं त त्याले कोणी चांगलं म्हणत नाई."

पाढे झाले की तो बाटल्यांचा डबा घेऊन ओट्यावर यायचा. एक पिवळी गोळी, काचेसारखी, आरपार दिसणारी. एक हिरवी. एक विटकरी. मग भिजवलेला अक्रोड, वाळवलेला आवळा, आणि वायगावची हळद मिरे घालून कोमट दुधात. हे सारं तो लोकांसमोर घ्यायचा, लपवून नाही, आणि लोक चहा पीत बघत बसायचे. त्यानं अक्रोड फोडला की आतला गर वर धरायचा. "पाहा, हुबेहूब मेंदू. देवानं चिठ्ठी लिहून ठेवली, तुमी वाचत नाई."

पहिल्यांदा मी विचारलं होतं की हे कायले. तर म्हणे, "डोमाजी, वखराची लोखंडी पास पावसात ठेवली त काय होते?"

"जंग लागते."

"कायनं?"

"पाण्यानं."

"पाण्यानं अन् हवेनं. जो प्राणवायू आपल्याले जगवते, तोच लोखंडाले खाते. तोच आपल्या आंगात घुसते. साऱ्या शरीरात मेंदूच जास्त हवा खाते, म्हून जंगबी त्यालेच आधी. हे सारं जंग रोखाचं सामान आहे."

"म्हंजे आता श्वास घेनं बंद करा लागन?"

"श्वास घे. पण आतून तेल देत जा."

लोक हसले. मला ते पटलं नाही असं नाही. जंग मी त्याच्यापेक्षा जास्त पाहिला आहे. पण त्यानं सांगावं आणि मी माना हलवाव्या, हे माझ्याच्यानं होत नाही. मी म्हटलं, "शेषराव, चालत्या पासेले जंग लागत नाई. कोपऱ्यात ठेवलेल्या पासेले लागते. आमी आजबी वावरात जातो."

आता लोक माझ्या बाजूनं हसले. शेषरावही हसला. मग मान तिरकी करून म्हणाला, "चालते."

हा त्याचा शब्द. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाचा कापूस चांगला आला, कुणी नवीन घर बांधलं, याचा आपला एकच शब्द, चालते. मास्तरनं काठावर पास करावं तसा. माझी झडती झाली की तो हमखास जवळ यायचा, मागं हात बांधून, आणि म्हणायचा, "चालते, डोमाजी." दुसऱ्यांनी डोक्यावर घेतलं तरी मला ते 'चालते' टोचायचं. मला त्या तोंडातून त्याहून एक शब्द मोठा पाहिजे होता. एकच. त्यानं तो दिला नाही. मी मागितला नाही.

आणि पहिली झडतीही गेली ती त्याच्यामुळंच. तो परत आल्यानंतरचाच पोळा. मी तोरणाखाली उभा राहून बापाची मोठी झडती धरली. अर्ध्यावर आलो आणि बैलानं मान झटकली, त्याच्या झुलीची धूळ माझ्या तोंडात. मला ठसका आला. एवढ्यात मागून कुणीतरी माझी ओळ उचलली आणि पुढची पूर्ण झडती म्हटली, माझ्याच बापाच्या चालीत. वळून पाहतो तर शेषराव. आठ दिवस मी अंगणात सराव करत होतो आणि तो कुंपणापलीकडून पाठ करत होता. गावानं असा 'हर हर महादेव' केला की कबुतरं उडाली. मग कुणीतरी म्हणालं, "शेषरावकाका, आता तुमची एक होऊन जाऊ द्या!" आणि त्यानं तिथल्या तिथं जुळवून एक नवीन म्हटली. पुढच्या वर्षी पंचांनी पहिलं त्यालाच पुकारलं.

मला पाठ होत्या. त्याला सुचत होत्या. हा फरक मला त्या दिवशी कळला आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

घरातही तेच. गिरजानं जवसाची चटणी ताटात रोज सुरू केली. चटणी मला आवडते, बोललो नाही. मग भाजीत जवसाचा कूट. मग दुधात हळद, आणि हळदीत मिरे.

"हे काय ठसकून राह्यलं?"

"मिरे आहे. भाऊजी म्हणते, मिऱ्याबिगर हळद आंगी लागत नाई."

"भाऊजी म्हणते त भाऊजीच्याच घरी पाठव हे दूध."

तिनं खरंच पाठवलं. मी पाहत राहिलो, ती कुंपणावरून पेला देत होती आणि तो दोन्ही हातांनी घेत होता. वर म्हणतो कसा, "वहिनी, डोमाजीले नको असन त मी आहोच."

आता गोळ्यांची गोष्ट. मी ठरवलं की याच्या डोक्यात जर बाटलीतून येत असेल तर बाटली मलाही मिळते. सरकीचा भाव पाहून येतो म्हणून एसटीनं वर्ध्याला गेलो. औषधाच्या दुकानात सांगितलं, ती पिवळी द्या, काचेवाणी, आरपार दिसते ते. नाव माहीत नव्हतं, पण दुकानदाराला कळलं. बाटली आणून तुरीच्या कोठीत खोल खुपसून ठेवली आणि रोज एक घ्यायला लागलो. झडती काही सुचली नाही. ढेकर मात्र आले.

गिरजा नाक वर करून घरभर फिरली. "मासोळी कोणं आणली घरात?"

मी म्हटलं मांजरीनं आणली असेल. पण माझी सून सविता सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे, तिला मांजरीचं पटलं नाही. तिनं तूर काढता काढता बाटली काढली, वाचली आणि हसायलाच लागली.

"बाबा, हे माशाचं तेल आहे."

"कशाचं?"

"माशाचं. मेंदूसाठी घेतात लोक. तुम्हाला चालते म्हणा, पण याच्या भरवशावर राहू नका. जादू नाई आहे ही. वावरात जात जा, लोकायत बसत जा, अन् बीपीची गोळी चुकवू नका."

तिचं पुढचं मी ऐकलंच नाही. मी मटण खातो, मला माशाचं काय? माझ्या डोळ्यांसमोर शेषरावची माळ आली. ज्याच्या घरात अंड्याचं टरफल येत नाही, जो एकादशीला कांद्याच्या वाटेनंही जात नाही, तो माणूस रोज सकाळी साऱ्या गावासमोर मासा गिळून राहिला होता! आणि मला वाटलं, त्याला हे माहीतच नाही. बाटलीवरचं इंग्रजी त्याला तरी कुठं वाचता येतं? मी तो दिवस देवानं दिल्यासारखा आनंदात घालवला.

सांगायचं ते चार लोकांत सांगायचं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे शेकतो. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळून गरम पाण्यानं शेकायचं, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतन द्यायचं. माझ्या गोठ्यात त्या दिवशी गल्लीतले सारे असतात. शेषरावला बैल नव्हते, तो दरवर्षी माझ्याच बैलांच्या खांद्यांना हळद लावायचा. त्या वर्षीही लावत होता, कोपरापर्यंत पिवळा.

मी म्हटलं, "शेषराव, तुह्या गळ्यात काय आहे?"

"माळ."

"अन् पोटात?"

"भाकर. अन् वहिनीचं दूध."

"अन् मासोळी?"

मी खिशातून बाटली काढली आणि कंदिलाजवळ धरली. "ही तुहीच गोळी ना? माह्या सुनेनं वाचली. माशाचं तेल आहे हे. माळकरी माणूस रोज मासे खाऊन राह्यला अन् गावाले अक्रोड दाखवून राह्यला!"

त्यानं बाटलीकडं पाहिलं नाही. बैलाच्या खांद्यावरचा हातही काढला नाही. चोळतच म्हणाला, "माहीत आहे मले."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. गोळी घ्याच्या आधी माळ काढून तुळशीवर ठेवतो. घेतो, चूळ भरतो, आंघोळ करतो, मंग घालतो. तू कुंपणातून रोज पाहते ना? तुले वाटलं असन मी माळ धुवाले काढतो."

खरं होतं. मी पाहत होतो आणि मला तसंच वाटलं होतं.

कुणीतरी म्हणालं, "पण काऊन, काका? जवस आहे, हळद आहे, तेवढं नाई पुरत काय?"

तेव्हा तो थांबला. हळदीचे हात पुढं धरून उभा राहिला, कुठं पुसावे ते सुचेना तसा. "माह्या मायले जंग लागला होता," म्हणाला. "मी सुटीत घरी आलो. दार लोटलं त ती चोर, चोर म्हणून ओरडली. गल्ली जमा झाली. लोक म्हणते, अव्वो, तुहा शेषा आहे. ती म्हणे, माहा शेषा नाई हा, माहा शेषा लहान आहे. कोणीतरी तिले धरलं अन् मी माह्याच घरातून बाहीर आलो. मले माह्या पोराले चोर नाई म्हणायचं. त्याच्यापाई देव मले मासोळीचं पाप देत असन त देऊ दे. मोजून घेईन मी ते."

गिरजा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, हात पुढं करा." तिनं त्याच्या हातांवर पाणी घातलं. माझ्याकडं कसं बघितलं ते मी इथं लिहीत नाही.

मी त्याला खाली पाडायला गेलो होतो. तो माझ्याच गोठ्यात, माझ्याच बैलाजवळ, माझ्याच कंदिलाच्या उजेडात वीतभर उंच झाला. यावर जळू नको म्हणाल, तर तुम्ही जळून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली तो उभा राहिला आणि त्यानं म्हटलं:

"काळ्या रानी तिफन चाले, तिफनीले दोरी,
डोमाजीच्या बैलानं पकडली डोमाजीची चोरी,
बैल म्हणे, मालक माहे, राखा जरा भान,
कोठीमंदी मासा पोहे, तुरीची गेली शान!
हर बोला, हर हर महादेव!"

म्हणजे सुनेनं त्याला कोठीचं सांगितलं होतं! घरातलीच फितूर. गाव इतकं हसलं की बैल बुजले. मलाही हसावं लागलं, नाहीतर जास्त हसले असते. आणि झडती चांगली होती. हे मी आज लिहितो आहे. त्या दिवशी मी त्याच्याजवळ गेलो, मान तिरकी केली आणि म्हटलं, "चालते, शेषराव." त्याला काय आनंद झाला म्हणता!

त्यानंतर दोन-तीन पोळे त्याचेच झाले. मग कुंपणापलीकडून मला काही वेगळं ऐकू यायला लागलं. साऱ्या गावाआधी मला. पाढे म्हणता म्हणता तो अडायचा. मागं जायचा, पुन्हा तिथंच यायचा, पुन्हा अडायचा. झारीतलं पाणी संपलेलं असायचं आणि तो उभाच. एका सकाळी "सात पाव... सात पाव..." असं किती वेळ चाललं. मला राहवलं नाही. मी इकडून मोठ्यानं म्हटलं, "पावणेदोन!" मदत म्हणून नाही. मलाही येतं हे त्याला कळावं म्हणून.

पलीकडं झारी खाली ठेवल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "मले येते, डोमाजी. मी तुही परीक्षा घेऊन राह्यलो होतो."

डब्यात बाटल्या वाढल्या. पिवळ्या दोन घ्यायला लागला, एकाच्या जागी मूठभर अक्रोड. सविता त्याच्याकडं जाऊन ओरडून आली की काका, जास्त घेतल्यानं जास्त होत नाई, पोट बिघडन. त्यानं तिला अक्रोड खायला दिला. मग एकदा चहाला बसला असताना त्यानं मला माझ्या कधीच वारलेल्या बापाबद्दल विचारलं, "तुहे बाबा वावरातून आले नाई काय अजून?" गिरजानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "येतील." त्या पोळ्याला पंचांनी त्याला पुकारलं तेव्हा तो जागचा उठला नाही. हसत बसला. पंचांनी मला पुकारलं.

माझी जागा मला परत मिळाली. अशी कुणाला पाहिजे होती? मी लढून घेतली असती तर गोष्ट वेगळी. लोक झडती ऐकायचे आणि झाल्यावर मला विचारायचे, "शेषरावकाका कसे आहेत?" त्याच्या डोक्यातून झडत्या गेल्या, पण लोकांच्या डोक्यातून तो जाईना. पोरगा येऊन त्याला वर्ध्याला घेऊन गेला. पोरगा सांगायचा, बाबा मला ओळखतात. कधी नाव चुकतं, पण चोर म्हणत नाहीत. एवढं त्यानं राखलं. गोळीनं राखलं की जिद्दीनं, ते डॉक्टर लोक जाणोत.

मागच्या पोळ्याला पोरगा त्याला गाडीत घालून गावात घेऊन आला. तोरणाजवळ खुर्ची टाकून बसवला. पायजम्याला इस्त्री होती, माळ होती. बैल पाहून टाळ्या वाजवत होता. मी पहिली झडती म्हटली, बापाची तीच मोठी, जिच्यात मला एकदा ठसका लागला होता. म्हणताना माझी नजर त्याच्यावरच. तो पुढं सरकून, तोंड उघडं टाकून ऐकत होता, जसं आयुष्यात पहिल्यांदाच झडती ऐकतो आहे. माझ्याच्यानं ती कधी अशी ऐकली गेली नाही. मी तर ती पोटात असल्यापासून ऐकली.

झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "राम राम, शेषराव."

"राम राम जी. तुमी कोठचे म्हणा?"

"इथलाच."

"हो का? लय चांगलं म्हणता तुमी. गळा आहे तुमाले." मग त्यानं मला हातानं खाली वाकवलं आणि कानाजवळ तोंड आणलं. "पण राग नका मानू. आमच्या गावात एक डोमाजी आहे, माह्या शेजारी राहते. हे झडती त्याच्या तोंडून आयका एकडाव. आंगावर काटा येते. मी लय जुळवल्या बाप्पा, पण त्याच्यावाणी एकबी नाई झाली. कुंपणाजवळ उभं राहून आयकत राहाचो मी."

पोरगा मधे पडला, "बाबा, अहो हेच..." मी त्याला हातानंच गप्प केलं.

"त्याले सांगू नका पण," शेषराव म्हणाला. "आधीच लय ताठ आहे थो."

"अन् मी?" मी विचारलं.

त्यानं मला खालून वर पाहिलं, नीट, वेळ घेऊन. "तुमी म्हणत राहा," म्हणाला. "याल त्याच्या जवळपास."

मग ऊन वाढलं म्हणून पोरानं त्याला उठवलं आणि गाडीत बसवलं. पोरगा मला म्हणाला, "काका, त्यायनं ओळखलं नाई तुमाले, मनावर नका घेऊ." मी म्हटलं, नाही घेत. गाडी निघाली. काचेतून त्यानं हात हलवला, बैलांना. मी तोरणाखाली उभा होतो, लोक मला दुसरी झडती म्हणा म्हणत होते, आणि मी त्याच्या शेजारी राहणाऱ्या त्या डोमाजीवर जळत होतो.